लिवन घेतलंस, पुढे काय?

"एवढी हॉलंडला गेलीस आणि अभ्यास कसला, तर दांडीच्या रापणीचा? तो इथे बसून झाला नसता?"

हा प्रश्न मला आतापर्यंत मावशीने, मावशीच्या जावेने, डोंबिवलीच्या काकांनी आणि एकदा मालवण बाजारातल्या भाजीवालीनेही विचारलाय. मी आपली हसून सोडून देते. तिथे पीएचडी म्हणजे एक प्रकारची नोकरीच असते, पगार मिळतो, वर्षातले काही महिने 'फिल्ड'वर जाता येतं, आणि माझं फिल्ड आमच्याच गावचा किनारा आहे, हे सगळं किती वेळा सांगणार? चालायचंच.

पण नातेवाईकांच्या या प्रश्नापेक्षा कितीतरी अवघड प्रश्न एका म्हाताऱ्या रापणकराने विचारला. दोन तास ते बोलत होते. कुठल्या वाऱ्याला तारली किनाऱ्याजवळ येते, पूर्वी रापणीला किती माणसं लागायची, आता का मिळत नाहीत. मी भराभर लिहीत होते, रेकॉर्डर चालू होता. बोलणं संपलं, त्यांनी बिडी विझवली आणि म्हणाले, "बाय गो, तू ह्यां सगळां लिवन घेतलंस. आता ह्येचा पुढे काय होतला? आमका सांगशीत मां?"

मी त्यांना सांगितलं, पावसात येईन, होड्या वर ओढलेल्या असतील तेव्हा, आणि काय लिहिलं ते वाचून दाखवीन. त्यांनी मान डोलावली. विश्वास बसला असं मात्र वाटलं नाही. कसा बसणार? त्यांच्या अंगणात वह्या घेऊन बसलेली मी काही पहिली नव्हे. मुंबईहून येतात, पुण्याहून येतात, बाहेरच्या देशांतून येतात. सगळे गोड बोलतात, सोलकढी पितात, फोटो काढतात आणि जातात. मग पुढे काय होतं?

पुढे काय होतं ते मी सांगते, कारण मी त्या दुसऱ्या टोकाला बसते.

फिल्डचा दिवस पहाटे सुरू होतो. अंधारात दांडीवर जायचं. होडीतून जाळं अर्धगोलात टाकत नेतात, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर असतात आणि मग दोन्हीकडून माणसं ओढायला लागतात. जाळं वर आलं की मी मासे बघते, टोपल्या मोजते, भाव लिहिते. दुपारी मासे विकून परतलेल्या बायकांशी बोलणं. संध्याकाळी घरी येऊन रेकॉर्डिंग ऐकायचं, त्यात निम्मा वाराच भरलेला. आई शेजारी बसून एखादा शब्द सांगते. तो शब्द कधी कधी तिलाही माहीत नसतो, मग शेजारच्या काकींना हाक.

हॉलंडातला दिवस अगदी वेगळा. समोरून येणाऱ्या वाऱ्यात सायकल हाणत जायचं. (पाऊस वर्षभर, पण पावसाळा नाही. हे दुःख कोकणातल्या माणसालाच कळेल.) दुपारी सगळ्यांबरोबर पाव आणि चीज. धुरावलेला मॅकरेल दुकानात मिळतो, तो आपल्या बांगड्याचा लांबचा चुलतभाऊ. घरून आणलेली तिरफळं घालून मी त्याचं तिखलं करून पाहिलंय. त्याबद्दल न बोललेलं बरं. :)

आणि बाकीचा सगळा दिवस कानाला हेडफोन लावून मालवणीचं इंग्रजी करायचं. इथे गंमत बघा. मालवणीतून थेट इंग्रजीत. मराठी मध्ये कुठे येतच नाही. 'सुकती', 'भांग', 'उधाण' या शब्दांना तक्त्यात प्रत्येकी एक रकाना मिळतो. अंगणात बिडी ओढणारा माणूस 'आर-१४' होतो, कारण नाव उघड करायचं नाही असा नियम आहे, आणि तो नियम योग्यच आहे. वर्षभराने आर-१४ चे दोन तास एका परिच्छेदात बसतात. परिच्छेद प्रबंधात बसतो. प्रबंधातून दोन-तीन शोधनिबंध निघतात. ते ज्या नियतकालिकांत छापले जातात त्यातली कित्येक पैसे भरल्याशिवाय उघडतसुद्धा नाहीत. आर-१४ च्या नातवाने मोबाईलवर शोधायचं म्हटलं तरी त्याला पहिली दहा ओळी दिसतील, त्याही इंग्रजीत.

आता खरी मेख ऐका. हॉलंडमधल्या विद्यापीठांत प्रबंध इंग्रजीत लिहिला तरी शेवटी त्याचा डच भाषेत सारांश जोडायची पद्धत आहे. कारण उघड आहे. ज्यांच्या करातून हे संशोधन चालतं त्यांना ते कळलं पाहिजे. मला ही पद्धत फार आवडते. पण तिचा अर्थ काय होतो बघा: मालवणच्या रापणकरांवर लिहिलेल्या पुस्तकात डच माणसासाठी डच सारांश असतो, जगासाठी इंग्रजी असतं, आणि ज्यांच्यावर लिहिलं त्यांच्यासाठी मराठीत एक ओळ नसते. त्यांचे आभार मात्र असतात. पहिल्याच पानावर. इंग्रजीत.

याला मी उधारी म्हणते. तीही बुडवलेली.

रापणीचा एक साधा रिवाज आहे. जो दोर ओढतो त्याला वाटा. वाटेने जाणारा एखादा सहज हात लावतो, तर त्याच्याही पिशवीत चार बांगडे पडतात. कोणी त्याला नुसतं 'थँक्यू' म्हणून घरी पाठवत नाही. आमच्या संशोधनाचा दोर या माणसांनी ओढलाय. जाळं भरलं, पदवी आम्ही घेऊन गेलो, त्यांचा वाटा कुठे आहे?

तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात, प्रबंध कोण वाचतो? मराठीत असता तरी कोणी वाचला असता? पण मालवणच्या किनाऱ्यावर कागद ही साधी गोष्ट नाही. १९८७ साली मालवणचं सागरी अभयारण्य जाहीर झालं. २९.१२२ चौरस किलोमीटर, त्यातला ३.१८२ चौरस किलोमीटर गाभा. गाभ्यात सिंधुदुर्ग किल्ला, पद्मगड आणि आसपासचे बुडालेले खडक. हेतू चांगला होता. इथल्या प्रवाळाला आणि खडकांतल्या जीवांना संरक्षण मिळायलाच हवं, याबद्दल माझं दुमत नाही. पण नकाशावर रेघ ओढली गेली ती ज्यांचं पोट त्या पाण्यावर, त्यांना ती समजावून न सांगता. मासेमारीच बंद होणार ही भीती पसरली आणि विरोध उभा राहिला, तो अनेक वर्षं विझला नाही. त्यामुळे आजही कोणी अनोळखी माणूस वही काढून 'तुम्ही नेमकी कुठे जाळी टाकता?' असं विचारायला लागला की समोरचा सावध होतो. आणि आम्ही तर संमतीपत्रावर सही मागतो! नीतिमत्ता समितीसाठी ती सही म्हणजे त्या माणसाच्या हक्काचं रक्षण. त्या माणसासाठी ती सही म्हणजे आणखी एक कागद, जो कुठे जातो ते कळत नाही.

उलट उदाहरणही इथलंच आहे. पारंपरिक मच्छीमार आणि पर्ससीनवाले यांच्या भांडणात सरकारने डॉ. सोमवंशी यांची समिती नेमली, तिचा अहवाल २०१२ मध्ये आला आणि ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने पर्ससीनवर हंगामाची आणि क्षेत्राची बंधनं आली. आदेश पाळला जातो की नाही हा वेगळा आणि मोठा विषय आहे. पण सोमवंशी समितीचं नाव किनाऱ्यावर लोकांना ठाऊक आहे. निवेदनांत येतं, भाषणांत येतं, मोर्च्यात येतं. अभ्यासात काय म्हटलंय हे कळलं की माणसं तो अभ्यास वापरतात, त्याच्याशी भांडतात, त्याच्या आधाराने भांडतात. 'मच्छीमारांना संशोधनात रस नसतो' असं म्हणणाऱ्यांनी हे आधी बघावं.

माझ्यासारख्या परदेशात शिकणाऱ्या मुलामुलींशी या विषयावर माझे पुष्कळ वाद झालेत. त्यांची उत्तरं मला आता पाठ आहेत.

पहिलं उत्तर: वेळ नसतो. चार वर्षांत प्रबंध, वर शोधनिबंध, वर पुढच्या नोकरीची चिंता. मान्य. पण मी तीनशे पानांचं भाषांतर मागतच नाही. आठ-दहा पानं, साध्या मराठीत. डच सारांशासाठी कोणाला तरी गाठून भाषांतर करून घ्यायला वेळ मिळतो, कारण त्याशिवाय गाडी पुढे सरकत नाही. मराठीवाचून काही अडत नाही, म्हणून वेळ मिळत नाही. एवढंच आहे ते.

दुसरं उत्तर: विज्ञानाची भाषा इंग्रजी आहे, त्याला काय करणार? असेलही. पण मग आमच्याआधी गेलेल्यांना कसं जमलं? इरावती कर्वे १९२० च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला गेल्या. मार्गदर्शक ऑयगेन फिशर, ज्यांच्या वंशविचारांचा पुढे नाझींना उपयोग झाला. कर्वेबाईंनी तिथे मानवी कवट्या मोजल्या, त्यांत जर्मनीच्या आफ्रिकेतल्या वसाहतींमधून आणलेल्याही होत्या. युरोपियांची कवटी श्रेष्ठत्वाची खूण दाखवते असं गुरूंना हवं होतं. बाईंच्या मोजमापात तसं काही दिसलं नाही आणि त्यांनी तसं स्पष्ट लिहिलं. परक्या देशात, परक्या भाषेत, पदवी ज्यांच्या हाती त्यांच्यासमोर! पुढे त्यांनी भारतातल्या नातेसंबंधांवरचा मोठा ग्रंथ इंग्रजीत लिहिला, पण 'मराठी लोकांची संस्कृती' मराठीत लिहिलं आणि 'युगान्त'ही आधी मराठीतच लिहिलं. त्यांना इंग्रजी येत नव्हतं म्हणून नव्हे.

दुसरं नाव माधव गाडगीळ. १९६९ मध्ये हार्वर्डची पीएचडी. पश्चिम घाटाचा त्यांच्या समितीचा अहवाल ऑगस्ट २०११ मध्ये केंद्राकडे गेला आणि तिथेच दाबून ठेवला गेला. माहिती अधिकार, मग दिल्ली उच्च न्यायालय, असं होत होत मे २०१२ मध्ये तो लोकांसमोर आला. अहवाल स्थानिक भाषांत आणा, ग्रामसभांपुढे ठेवा, मग ठरवा, असं गाडगीळ सतत म्हणत राहिले. त्याच अहवालात आपल्या सिंधुदुर्गाचीही नोंद आहे: सावंतवाडी-दोडामार्ग भागातल्या २५ गावांच्या ग्रामसभांनी स्वतःहून ठराव केले होते की आमचा भाग संवेदनशील क्षेत्रात घ्या. म्हणजे विचारलं तर लोक नेहमी 'नको'च म्हणतात हेही खरं नाही. विचारावं मात्र लागतं, आणि समजेल अशा भाषेत.

तिसरं उत्तर जरा गंभीर आहे. माहिती गावात परत गेली तर तिचा गैरवापर होईल. मासा कुठल्या खडकाजवळ सापडतो हे छापलं तर उद्या मोठी बोट तिथे येईल. एका वाडीचं बोलणं दुसऱ्या वाडीला कळलं तर भांडणं होतील. ही काळजी खरी आहे आणि मी ती हसण्यावारी नेत नाही. पण हीच माहिती इंग्रजीत छापली तर मोठ्या बोटीच्या मालकाला ती मिळत नाही, असं कोणी सांगितलं? त्याच्या पदरी इंग्रजी वाचणारी माणसं असतात. मिळत नाही ती होडीवाल्यालाच. म्हणून छापायच्या आधी वाचून दाखवायचं. 'हे राहू दे, हे काढ' असं म्हणायची संधी ज्याची माहिती आहे त्याला द्यायची. आर-१४ च्या नावाला जी काळजी मिळते ती त्यांच्या खडकालाही मिळाली पाहिजे.

हे काही मी शोधलेलं नवीन तत्त्व नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या सान लोकांनी २०१७ मध्ये स्वतःची संशोधन आचारसंहिता लिहून जगापुढे ठेवली. पिढ्यानपिढ्या त्यांच्यावर प्रबंध झाले, शेवटी त्यांनी सांगितलं की यापुढे आमच्याकडे यायचं तर आदराने, प्रामाणिकपणे या, आमची परवानगी घ्या आणि दिलेला शब्द पाळा. आपल्याकडे तर २००२ च्या जैवविविधता कायद्यात लोकांच्या ज्ञानाची नोंदवही गावाने स्वतः ठेवायची सोय आहे. गावाच्या ज्ञानाची नोंद गावात राहावी, हे कायद्यालाही कळलंय. आम्हा विद्वानांनाच कळायचं राहिलंय.

हॉलंडचंच एक उदाहरण देते, कारण ते मला रोज दिसतं. तिथे झाउडरझे नावाची समुद्राची मोठी खाडी होती. हेरिंग आणि अँचोव्हीच्या मासेमारीवर तिच्या काठची गावं जगत. १९३२ मध्ये सुमारे ३२ किलोमीटर लांबीचा बंधारा पुरा झाला, खाडीचं गोडं तळं झालं आणि ती मासेमारी संपली. पण बंधारा पुरा व्हायच्या सात वर्षं आधी, १९२५ मध्ये, या मच्छीमारांना मदत देण्याचा कायदा झाला होता. मदत पुरेशी होती का, न्याय्य होती का, यावर तिथले लोक वाद घालू शकतात, कारण सगळे कागद त्यांच्या भाषेत आहेत. एन्खाउझेन गावात त्या बुडालेल्या धंद्याचं अख्खं संग्रहालय आहे, होड्यांसकट. तिथल्या मच्छीमाराच्या नातवाला आजोबांचा समुद्र कसा गेला हे वाचायला परक्या देशाच्या ग्रंथालयाची पायरी चढावी लागत नाही. मला तिथे हेवा वाटतो तो बंधाऱ्याचा नाही, त्या कागदांचा.

आमच्या दांडी-वायरीच्या नातवाचं काय? रापणी कमी होतायत. तरणी मुलं पर्यटकांच्या बोटीवर, स्कूबाच्या धंद्यात जातायत, आणि त्यात चूक काही नाही, पोट सगळ्यांनाच आहे. पण आणखी वीस वर्षांनी त्याच्यापैकी कोणाला आपल्या आजाची रापण कशी होती, वारे कसे ओळखायचे, वाटे कसे पडायचे हे बघावंसं वाटलं, तर ते युरोप-अमेरिकेतल्या कुठल्यातरी सर्व्हरवर, कुलपात, इंग्रजीत असेल. आजाचा आवाजही तिथेच. आर-१४ या नावाने.

म्हणून माझं म्हणणं अगदी थोडक्यात. परदेशातल्या ज्या मराठी मुलामुलीने आपल्या गावावर, आपल्या किनाऱ्यावर प्रबंध लिहिलाय, त्याने प्रबंध सादर करायच्या आधी आठ-दहा पानांचा मराठी सारांश लिहावा. तो त्याच वाडीत वाचून दाखवावा. त्याची एक प्रत ग्रामपंचायतीत, एक गावच्या वाचनालयात आणि एक शाळेत ठेवावी. ज्यांना हवं असेल त्यांना त्यांच्या घरच्या माणसाच्या आवाजाचं रेकॉर्डिंग द्यावं. आणि वाचायला पावसात जावं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, माणसं घरी असतात, जाळी विणत बसलेली असतात. आमचा 'फिल्ड सीझन' नेमका नोव्हेंबर ते मे असतो, म्हणजे त्यांच्या धंद्याचे दिवस आणि आमच्या उन्हाचे. घ्यायला त्यांच्या कामाच्या वेळात जातो, निदान द्यायला तरी त्यांच्या सवडीने जाऊ या. थोडं भिजू. कोकणातल्या पोरांना पावसाचं काय?

विद्यापीठांनी हे सक्तीचं करावं असं मला वाटतं. डच सारांश मागता येतो तर ज्या भाषेत माहिती गोळा केली त्या भाषेतलाही मागता येईल. एक ओळ नियमात घालायची आहे. पण तोवर थांबायचं कारण नाही.

आणि घरच्या मंडळींना एक विनंती. पोरगी परदेशात काय करते, कधी परतणार, लग्नाचं काय, हे विचाराच, ते काही सुटणार नाही. पण त्यासोबत एवढंही विचारत जा: "लिहिलंस ते मराठीत कुठे आहे? दाखव बघू." तुम्ही विचारलंत तर आम्हाला लिहावं लागेल. आमचे मार्गदर्शक हे विचारणार नाहीत. त्यांना मराठी येत नाही.